जास्त आकडा, कमी भरवसा : चूर्ण-तपासणी प्रकल्पाच्या नोंदी

१० जून

विषय पक्का झाला एकदाचा. हळद आणि अश्वगंधा, दोनच चूर्णं घ्यायची, आणि प्रकाशावर चालणाऱ्या पद्धतींनी म्हणजे मुख्यतः यूव्ही-व्हिज (अतिनील आणि डोळ्याला दिसणारा प्रकाश) आणि एनआयआर (तांबड्याच्या लगेच पलीकडचा इन्फ्रारेड) वापरून त्यांचा दर्जा कितपत सांगता येतो ते बघायचं. मॅडमनी पहिल्याच मीटिंगला अडवलं, म्हणाल्या दर्जा दर्जा करतेस पण मोजणार काय? वनस्पती तीच आहे का हा एक प्रश्न, तिचा योग्य भाग वापरलाय का हा दुसरा, कामाचा घटक किती आहे हा तिसरा, आणि बाहेरचं काही मिसळलंय का हा चौथा. एकच यंत्र चारही उत्तरं देईल असं डोक्यात ठेवून काम सुरू करू नकोस. वहीत चार कॉलम आखलेत, बघू कुठला किती भरतो.

पहिला कॉलम मला आधी फालतू वाटत होता, वनस्पती कोण चुकवेल. मग बेल्जियमचं प्रकरण वाचलं. तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करायच्या औषधात स्टेफानिया या वनस्पतीच्या जागी अॅरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली आणि शंभराच्या वर लोकांच्या किडन्या खराब झाल्या, पुढे त्यातल्या काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सर पण झाला. पावडर झाल्यावर पान काय नि मूळ काय, डोळ्याला सगळं सारखंच.

१४ जून

आज नुसतं वाचन. १८०० साली विल्यम हर्शेलनी प्रिझममधून ऊन पाडून रंगारंगात थर्मामीटर ठेवले आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नाही, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. तिथून इन्फ्रारेड सुरू. पण त्यातला आपल्या कामाचा पट्टा, साधारण ७८० ते २५०० नॅनोमीटर, दीडशे वर्षं कुणी फारसा मनावर घेतला नाही कारण तिथले शोषणाचे पट्टे रुंद, एकमेकांवर चढलेले, कुठला कशाचा ते कळायची मारामार. कार्ल नॉरिसनी अमेरिकेच्या शेती खात्यात धान्यातला ओलावा मोजायला तो वापरला आणि मग १९६० च्या दशकापासून गाडी चालू लागली.

इथे दिसतं काय तर सी-एच, ओ-एच, एन-एच या बंधांच्या कंपनांचे ओव्हरटोन आणि कॉम्बिनेशन (मूळ कंपनांच्या पटीतले आणि बेरजेतले पट्टे). म्हणजे वनस्पतीत जे जे आहे ते सगळंच थोडं थोडं दिसतं, स्टार्च, सेल्युलोज, पाणी, तेल, आणि आपला २-३ टक्के वाला घटक त्या गर्दीत कुठेतरी. हे शोषण खूप क्षीण असतं हाच फायदा पण आहे, चूर्ण विरघळवायला नको, पातळ करायला नको, सरळ कपात भरा आणि स्कॅन करा.

१८ जून

हातात धरायचं एनआयआर मिळालं. रेंज ९०० ते १७०० नॅनोमीटर, आत इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा डिटेक्टर. २५०० पर्यंतचं मिळालं असतं तर २१०० च्या आसपासचा स्टार्चचा पट्टा आणि १९४० चा पाण्याचा पट्टा पण मिळाला असता, पण असो, १४५० चा पाण्याचा पट्टा आणि १२०० च्या आसपास सी-एच चा दुसरा ओव्हरटोन आहे, काम भागेल.

रुटीन असं ठरलं: दिवा अर्धा तास तापू द्यायचा, पांढऱ्या पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) चकतीवर रेफरन्स म्हणजे तुलनेचं रीडिंग, मग डार्क म्हणजे प्रकाशाशिवायचं, मग सॅम्पल, आणि मध्येमध्ये पुन्हा रेफरन्स. चकतीला बोट लावायचं नाही. लॅबमधल्या काकांनी चकतीच्या डबीवर मार्करने "हात लावू नये" लिहून ठेवलंय, माझ्याकडे बघूनच लिहिलं असावं.

२२ जून

चूर्णाचा जाडेपणा हा एक वेगळाच ताप आहे. एकाच हळदीचे दोन भाग केले, एक भरड ठेवला आणि एक वस्त्रगाळ, दोन्हीचे स्पेक्ट्रम (कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश अडला त्याच्या रेघा) एकावर एक टाकले तर सबंध रेघच वरखाली. रसायन तेच, फक्त कण लहान झाले की प्रकाश जास्त विखुरतो, आत कमी शिरतो, परत जास्त येतो, आणि शोषण कमी दिसतं. बघणाऱ्याला वाटेल दोन वेगळे माल आहेत. एसएनव्ही लावलं की, म्हणजे प्रत्येक स्पेक्ट्रममधून त्याचीच सरासरी वजा करून त्याच्याच स्टँडर्ड डेव्हिएशनने भागलं की, दोन्ही रेघा बऱ्याच जवळ येतात, पण पूर्ण नाही. म्हणून गणितावर सगळं सोडायचं नाही, सगळे सॅम्पल एकाच चाळणीतून काढायचे आणि कप भरताना दरवेळी सारखाच दाब द्यायचा.

२७ जून

हवा दमट. काल स्कॅन केलेली अश्वगंधा रात्रभर उघडी ठेवली मुद्दाम, आज १४५० चा पट्टा चांगलाच खोल. आता सॅम्पल डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात.

३ जुलै

यूव्ही-व्हिज सुरू, हळदीपासून. पद्धत एकदम सरळ आहे, हळदीतला पिवळा घटक कर्क्यूमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जोरात शोषतो, अल्कोहोलमध्ये १ टक्का द्रावणाचं १ सेंटीमीटर क्युवेटमधलं (मोजायच्या चौकोनी नळीतलं) अॅब्सॉर्बन्स म्हणजे शोषणाचा आकडा १६०७ धरतात, अर्थात असं द्रावण कुणी यंत्रात घालत नाही, ते फक्त हिशोबासाठी. उलटं करून बघितलं तर १ मायक्रोग्रॅम प्रति मिलीला ०.१६. समजा हळदीत ३ टक्के आहे आणि १०० मिलिग्रॅम चूर्ण १०० मिली अल्कोहोलमध्ये काढलं तर झालं ३० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ते दहा पट पातळ केलं की ३, आणि रीडिंग साधारण ०.४८. म्हणजे ०.२ ते ०.८ च्या सुखाच्या पट्ट्यात बरोबर बसतं. आधी कागदावर हे करून घेतलं की फ्लास्क कमी धुवावे लागतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची, इथे "कर्क्यूमिन" म्हणून जो आकडा येतो तो तिघांचा मिळून असतो, कर्क्यूमिन, डिमेथॉक्सी आणि बिसडिमेथॉक्सी. तिघंही साधारण त्याच जागी शोषतात, यूव्हीला ते वेगळे दिसत नाहीत. हे आत्ता किरकोळ वाटतंय.

५ जुलै

तपकिरी फ्लास्क वापरायचे. उजेडात कर्क्यूमिन तुटतं, आणि पाणी किंवा काच जरा अल्कलीच्या बाजूला असली की अजून लवकर. प्रकाशाने मोजायचं आणि प्रकाशापासूनच लपवून ठेवायचं असा सगळा कारभार.

९ जुलै

आज जे दिसलं त्यावर मला वाटतं अख्खा प्रकल्प उभा राहील.

भेसळ आपणच करून बघायची होती. शुद्ध हळदीत थोडा स्टार्च मिसळला, अपेक्षेप्रमाणे ४२५ चं रीडिंग खाली आलं, रंगही फिका. मग त्याच मिश्रणात चिमूटभर मेटॅनिल यलो हा कृत्रिम पिवळा रंग, हातमोजे-मास्क घालून, कारण हा रंग खाण्यात अजिबात चालत नाही. व्होर्टेक्सवर जोरात हलवलं, सेंट्रिफ्यूज केलं, वरचं पातळ द्रावण क्युवेटमध्ये घेतलं. क्युवेट उजेडात धरली तर शुद्ध हळदीच्या क्युवेटशेजारी ओळखू येईना. यंत्रात घातली तर रीडिंग परत वर, जवळपास जिथून निघालो तिथे. रंग अजून थोडा वाढवला तर शुद्ध हळदीच्याही वर!

म्हणजे फक्त ४२५ चा आकडा मागणाऱ्या माणसाला भेसळीची हळद शुद्ध हळदीपेक्षा "चांगली" दिसणार. कारण साधं आहे, मेटॅनिल यलोचं शोषण पण त्याच भागात आहे, आणि यंत्राला विचारलंच एवढं की ४२५ ला किती प्रकाश अडला, कुणी अडवला ते विचारलंच नाही. आपण भेसळ म्हटलं की कायम आकडा खाली येईल अशी अपेक्षा ठेवतो, पण भेसळ करणारा काय आकडा खाली आणायला भेसळ करतो का, त्याला माहीत असतं खरेदीवाला काय मोजतो ते, आणि तो नेमका तोच आकडा जपतो.

मॅडमना दाखवलं. म्हणाल्या, आता कुणाचा आकडा आहे ते शोध.

११ जुलै

शोधायचे दोन रस्ते सापडले, दोन्ही बिनखर्चाचे.

एक म्हणजे आम्ल. मेटॅनिल यलो हा पीएच इंडिकेटर आहे, साधारण १.२ ला लाल आणि २.३ च्या वर पिवळा. कर्क्यूमिन तेवढ्या आम्लात पिवळंच राहतं, लाल व्हायला त्याला फार तीव्र आम्ल लागतं. तर पाणी-अल्कोहोलच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक अॅसिडचे थेंब घालत पीएच १ च्या आसपास आणलं आणि पूर्ण स्पेक्ट्रम घेतला, ३५० ते ६५०. शुद्ध हळदीची रेघ जवळपास जागच्या जागी, भेसळीच्या द्रावणात मात्र ५०० च्या पलीकडे नवा उंचवटा उठला आणि क्युवेटमध्ये गुलाबीसर झाक. आधीची रेघ नंतरच्या रेघेतून वजा केली की शंकाच राहत नाही. जुन्या चाचणीत सरळ तीव्र आम्ल ओततात, त्यात कर्क्यूमिन पण लाल होतं आणि मग पाणी घालून रंग जातो का राहतो ते बघावं लागतं. त्यापेक्षा हे मला जास्त स्वच्छ वाटतं.

दुसरं त्याहून सोपं, नुसतं पाणी. कर्क्यूमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. चूर्ण थंड पाण्यात हलवून गाळलं आणि गाळलेल्या पाण्याने ४२५ ला चांगलं रीडिंग दिलं तर ते हळदीचं असायची शक्यता फार कमी. हे हाताशी हवंच, कारण सगळे रंग आम्लात रंग बदलत नाहीत, टारट्राझिन या दुसऱ्या पिवळ्या रंगाचं शोषण पण ४२५ च्या आसपासच असतं आणि आम्लाने त्याला तसा फरक पडत नाही, पण पाण्यात तो मस्त विरघळतो.

१९ जुलै

पार्टनरने खोडा घातला. म्हणाला रंग कशाला मिसळतील, कारखान्यात बनवलेलं कर्क्यूमिनच मिसळतील की. बरोबर आहे त्याचं. मग आम्ल, पाणी, ४२५ सगळं पास, रेणू तोच आहे ना. यूव्ही गप्प, एनआयआर पण बहुतेक गप्प.

इथे ३ जुलैची ती किरकोळ गोष्ट कामाला येते. हळदीतून काढलेल्या कर्क्यूमिनॉइडमध्ये कर्क्यूमिन साधारण पाऊण भाग आणि बाकीच्यात ती दोन भावंडं, कारखान्यातल्या मालात सहसा एकटं कर्क्यूमिन. एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) तिघं वेगळे करून मग ४२५ ला बघितलं की तीन पीकांचं (रेघेवरच्या टोकांचं) प्रमाण बिघडलेलं दिसतं. त्यावरही कुणी उपाय काढला तर कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बन) आहे, पेट्रोलियमपासून बनलेल्या मालात तो नसतो. पण तिथपर्यंत आपण जाणार नाही, रिपोर्टमध्ये एक परिच्छेद पुरे.

२५ जुलै

अश्वगंधा. आणि गंमत म्हणजे इथेही तीच कहाणी, फक्त पात्रं वेगळी.

औषधात मूळ वापरायचं. पण पानं काढायला सोपी, रोप मारावं लागत नाही, स्वस्त पडतात, म्हणून मुळाच्या चूर्णात पानं जातात. आता कुणी "एकूण विथॅनोलाइड (अश्वगंधेतले कामाचे घटक) किती" एवढाच आकडा मागितला तर पानांनी तो कमी होईलच असं नाही, उलट त्यातलं एक, विथाफेरिन-ए, पानांत जास्त असतं, त्यामुळे आकडा वर जाऊ शकतो. परत तेच! आणि विथाफेरिन-ए पेशींना मारक आहे, ते जास्त म्हणजे जास्त चांगलं असं धरणं धोक्याचं.

पकडायचं कसं? मूळ मातीखाली वाढतं, त्यात क्लोरोफिल नसायला हवं. थोडं चूर्ण अॅसिटोनमध्ये भिजवलं, गाळलं, ६०० ते ७५० चा स्कॅन घेतला. आमच्याच वाफ्यातल्या मुळांची रेघ सपाट. त्यात पानांचं चूर्ण मिसळून केलेल्या नमुन्यात ६६३ च्या आसपास टोकदार पीक, अगदी थोडं पान असलं तरी. जुन्या मालात क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम निघून फिओफायटिन होतं, रंग हिरव्याचा शेवाळी-तपकिरी होतो आणि डोळा फसतो, पण त्याचंही पीक तिथेच जवळ ६६५ च्या आसपास राहतं. मुळाच्या अगदी वरच्या टोकाला, खोडाला चिकटलेल्या भागात, थोडं हिरवं राहू शकतं, म्हणून शून्य अशी मर्यादा नाही लावता येणार. आणि रंग काढून टाकलेला एक्सट्रॅक्ट असेल तर ही चाचणी बादच.

आपलं हातातलं एनआयआर ९०० पासून सुरू होतं, म्हणजे ६६३ त्याला दिसतच नाही. महागाचं यंत्र बाजूला, आणि कॉलेजात कुठेही धूळ खात पडलेला साधा यूव्ही-व्हिज इथे उत्तर देतो.

२ ऑगस्ट

एनआयआरची आकडेमोड. एसएनव्ही, मग सॅवित्स्की-गोले वापरून (रेघ गुळगुळीत करून) दुसरं डेरिव्हेटिव्ह, मग पीसीए, म्हणजे सारखे स्पेक्ट्रम जवळ आणि वेगळे लांब मांडणारं गणित. शुद्ध हळद एका बाजूला, स्टार्चवाली सरकत सरकत दुसऱ्या बाजूला, छान पसरली. स्टार्च एनआयआरला व्यवस्थित दिसतो, कारण तो टक्क्यांत असतो. रंग थोडाच असतो, तो पीसीएत जाणवतही नाही. म्हणजे ९ जुलैचं मिश्रण जे ४२५ ला फसवून गेलं ते एनआयआरने पकडलं, पण रंगामुळे नाही, स्टार्चमुळे. दोन यंत्रांची आंधळी जागा वेगळी आहे हे महत्त्वाचं.

मग पीएलएस, म्हणजे स्पेक्ट्रमवरून आकडा काढायला शिकणारं मॉडेल, कर्क्यूमिनॉइडच्या टक्केवारीसाठी, यूव्हीचे आकडे रेफरन्स धरून. इथे एक प्रयोग मुद्दाम केला. एका बॅचचे आपण अनेक स्कॅन घेतो. ते सगळे एकत्र करून रँडम पद्धतीने ट्रेनिंग आणि टेस्टमध्ये वाटले तर मॉडेल इतकं सुंदर दिसतं की पोस्टर लावावं. आणि तेच अख्खी बॅच एकतर ट्रेनिंगला नाहीतर टेस्टला असं वाटलं तर चूक बरीच वाढते. फरक कशामुळे, तर पहिल्या पद्धतीत मॉडेलने ती बॅच आधीच बघितलेली असते, परीक्षेत वर्गात सोडवलेलंच गणित आल्यासारखं. खऱ्या वापरात दर वेळी नवी बॅच येणार, म्हणून रिपोर्टमध्ये दुसराच आकडा द्यायचा, दिसायला वाईट असला तरी.

आणि अजून एक, यूव्हीचा रेफरन्स जर मेटॅनिल यलोमुळे फसत असेल तर त्यावर शिकलेलं एनआयआर मॉडेल पण तीच फसवणूक शिकणार. ट्रेनिंगच्या प्रत्येक नमुन्याची आम्ल आणि पाण्याची चाचणी झालेलीच हवी.

९ ऑगस्ट

शेजारच्या लॅबने रामन (लेझर टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून रेणू ओळखणारं यंत्र) वापरू दिलं, तासभर. ७८५ च्या लेझरवर अश्वगंधा ठेवली तर पडद्यावर नुसता डोंगर, फ्लुओरेसन्सचा म्हणजे चूर्णाच्या स्वतःच्या चमकेचा, पीक बीक काही नाही. वनस्पतीच्या चूर्णात हे नेहमीचं आहे. १०६४ च्या लेझरवर हळद बरीच शांत, १६०० वेव्हनंबरच्या आसपास कर्क्यूमिनची पीकं स्पष्ट. लेड क्रोमेट हा हळदीला पिवळं करायला वापरलेला अजून एक विषारी पदार्थ, त्याचं पीक ८४० च्या आसपास येतं आणि ते बऱ्यापैकी उठून दिसतं, कारण क्रोमेट रामनमध्ये जोरदार आहे. ते फक्त त्यांच्या लायब्ररीतल्या (आधी घेऊन ठेवलेल्या स्पेक्ट्रमच्या संग्रहातल्या) स्पेक्ट्रमवर बघितलं, आम्ही स्वतः मिसळलं नाही, मॅडमनी साफ नाही म्हटलं आणि बरोबरच आहे.

१४ ऑगस्ट

शिसं एनआयआरला दिसत नाही. ज्याला सी-एच, ओ-एच, एन-एच नाही त्याचं इथे काम नाही, आणि पीपीएममध्ये असेल तर रामनकडूनही आशा नको. त्यासाठी अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन (धातूचे अणू कुठला प्रकाश शोषतात ते मोजणं), शिशाची रेघ २८३.३ नॅनोमीटर, पाऱ्याची कोल्ड व्हेपरवर २५३.७. तीही प्रकाशाचीच पद्धत, पण चूर्ण आम्लात पूर्ण जिरवावं लागतं, मग "न विरघळवता, दोन मिनिटांत" हे सगळं संपलं. पोस्टरवर "संपूर्ण दर्जा तपासणी" असं लिहायचा पार्टनरचा विचार होता, तो मी खोडला.

२१ ऑगस्ट

शुद्ध आणि भेसळ असे दोन डबे करून मॉडेल शिकवायचं की नाही यावर बराच वाद. माझं मत नाही. भेसळ आपण दोन-तीन प्रकारची केली, बाहेर ती शंभर प्रकारची असेल, आणि दोन डब्यांचं मॉडेल तिसऱ्याच काहीतरी भलत्या चूर्णाला पण कुठल्यातरी डब्यात बसवतं, कारण त्याला तिसरा पर्यायच नसतो. त्याऐवजी सिम्का, १९७० च्या दशकात स्वांते वोल्डनी मांडलेलं, फक्त अस्सल मालाचं कुंपण आखायचं आणि जो बाहेर तो बाहेर, का बाहेर ते नंतर बघू. पार्टनरच्या मते यात खरा मालही अडकेल, वेगळ्या जमिनीतला, वेगळ्या वेळी काढलेला. अडकू दे, तो तपासून लायब्ररीत घालू, कुंपण मोठं होईल. त्याने मान्य केलं, पण नाखुषीनेच.

२८ ऑगस्ट

शेवटची मीटिंग. रिपोर्टचा ढाचा ठरला. एनआयआर आधी, सगळ्या नमुन्यांवर, उत्तर फक्त "लायब्ररीशी जुळतं" किंवा "जुळत नाही". टक्केवारी एनआयआरवरून द्यायची नाही. जुळलेल्या हळदीलाही आम्ल आणि पाण्याची चाचणी, अश्वगंधेला ६६३. त्यानंतरच हळदीचा ४२५ चा आकडा, आणि तो एका रकान्यात एकटा छापायचा नाही, शेजारी पूर्ण स्पेक्ट्रमचं चित्र हवंच. आकडा नेहमीच्या पट्ट्याच्या वर गेला तर खाली गेल्यासारखंच वागायचं, म्हणजे नमुना सरळ एचपीएलसीला. हा नियम मॅडमनी लाल शाईने अधोरेखित केला.

जड धातूंचा कॉलम रिकामा, त्यावर "या पद्धतीने तपासलेलं नाही" असं ठळक. लायब्ररीत अश्वगंधा फारच कमी आहे, एकाच वाफ्यातली, पुढच्या हंगामात निदान दोन-तीन वेगळ्या जमिनींतली मुळं गोळा करायची, पानं आणि खोड वेगळी वाळवून, प्रत्येक पिशवीवर तारीख टाकून. ते काम पार्टनरकडे.